वन नसलेल्या गांवाचें वन

पूर्णा व नांदेड ह्यांच्या दरम्यान आगगाडीनें जातांना चुडावा हें स्टेशन लागतें. खिडकींतून दोहों बाजूंस पाहिलें तर काळी जमीन, तींत कापूस, सोयाबीन, तूर व ज्वारी हीं पिकें, बांधावर कोठें बाभूळ, कोठें लिंब, आणि ओढ्याच्या कांठीं थोडें झुडूप, एवढेंच दृष्टीस पडतें. ज्यास वन म्हणावें असें येथें कांहीं नाहीं. एकंदर परभणी जिल्ह्यांतच वन फार थोडें. शंभर एकरांत पांच एकरही भरणार नाहीं. म्हणून ह्या भागांतील वाचक असें विचारील कीं, राष्ट्राराष्ट्रांमध्यें वनांच्या रक्षणाविषयीं जीं बोलणीं व जे करारमदार होतात, त्यांच्याशीं आम्हां कापूस-सोयाबीन पिकविणारांचा काय संबंध? हा प्रश्न रास्त आहे, आणि ह्या पाठांत त्याचेंच उत्तर शोधावयाचें आहे.

त्यासाठीं प्रथम आपल्याच घरांत पाहूं. दाराची चौकट सागाची असली तर तो साग चुडाव्याच्या शिवारांत वाढलेला नव्हे. विडीचें पान टेंभुर्णीचें. तें चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या वनप्रदेशांतून यावें लागतें. कढईंतील पामतेल इंडोनेशिया व मलेशिया ह्या देशांतून जहाजानें येतें, आणि तेथील पुष्कळशा ताडबागा पूर्वीचें घनदाट वन तोडूनच लाविलेल्या आहेत. हें तेल परदेशांतून आणविणाऱ्या राष्ट्रांत गेलीं कित्येक वर्षें आपल्या देशाचा क्रमांक पहिला आहे. ज्या रुळांवरून आपण पूर्णेस जातों, तशा रुळांखालीं आज काँक्रीटचे स्लीपर आहेत. परंतु मागल्या काळीं ते लांकडाचे असत, व साग, साल आणि देवदार ह्यांचीं वनेंच्या वनें त्यांच्यासाठीं पडलीं. तेव्हां ज्या गांवाला स्वतःचें वन नाहीं, तें गांव दुसऱ्याच्या वनावर जगतें. आणि दुसऱ्याच्या वस्तूवर जगणारास तिच्या मालकाशीं कांहींतरी ठराव करावाच लागतो.

असा ठराव फार जुना आहे, व आमच्या वाचकांस तो ठाऊकही आहे. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या पांचव्या अध्यायांत शलमोन राजा व सोरेचा राजा हीराम ह्यांच्यामधील व्यवहार सांगितला आहे. शलमोनाच्या देशांत गहूं व तेल विपुल होतें, परंतु मंदिरास लागणारें उंच व सरळ लांकूड नव्हतें. हीरामाकडे लबानोनाचे गंधसरू होते, पण त्याच्या घरच्यांस धान्य पाहिजे होतें. दरसाल वीस हजार कोर गहूं व तेल द्यावयाचें आणि लांकूड समुद्रमार्गें तराफ्यांनीं पोंचवावयाचें, असें ठरलें. शलमोनानें तीस हजार वेठे नेमून दहा दहा हजारांची पाळी लाविली. एक महिना लबानोनांत, दोन महिने घरीं. हा अध्याय वर्गांत शिकवितांना उपदेशक बहुधा मंदिराच्या थोरवीकडे वळतात. पण एकदां तो व्यापारी डोळ्यांनीं वाचून पाहावा. किंमत ठरली, वाहतूक ठरली, मजुरांची पाळीही ठरली. तोडलेल्या झाडांच्या जागीं नवें झाड कोण लावील, ह्याविषयीं मात्र त्यांत अक्षर नाहीं. पुढें अनेक राजांनीं त्याच डोंगरांवर कुऱ्हाड चालविली. दुसऱ्या शतकांत रोमचा बादशहा हेड्रियन ह्यानें तेथील खडकांवर लेख खोदवून चार जातींचीं झाडें राजासाठीं राखीव असल्याचें जाहीर केलें, व ते लेख आजही सांपडतात. परंतु गंधसरूंचे आतां थोडेसेच समूह उरले असून, त्यांतील एका राईस १९९८ सालीं जागतिक वारशाच्या यादींत घालून जपावें लागलें.

वनांतून किती घ्यावें ह्याचा हिशेब आपल्या देशांत शास्त्रीय रीतीनें मांडणारा मनुष्य इंग्रज नव्हता, तर जर्मन होता. डीट्रिख ब्रँडिस ह्याचा जन्म १८२४ सालीं बॉन येथें झाला, व तेथेंच तो वनस्पतिशास्त्र शिकवीत असे. त्याची पत्नी श्रीरामपूरचे प्रसिद्ध मिशनरी जोशुआ मार्शमन ह्यांची कन्या. तिच्या बहिणीचे पति सेनापति हॅवलॉक. त्या नात्यानें ब्रँडिसचें नांव लॉर्ड डलहौसी ह्यांच्या कानीं गेलें, आणि १८५६ सालीं त्यास ब्रह्मदेशांतील पेगूच्या सागवनांवर नेमिलें गेलें. तेथें लांकडाचे व्यापारी वन लुटून नेत होते, आणि वनांत साग किती आहे हें सरकारास ठाऊक नव्हतें.

ब्रँडिसनें तो मोजण्याची जी युक्ति काढिली ती कोणाही शेतकऱ्यास तत्काळ समजेल. तो हत्तीवर बसून वनांतून एका रेषेंत जाई. डाव्या हातांत चार काठ्या, उजव्या हातांत चाकू. एक काठी थोर झाडांची, दुसरी मध्यमांची, ह्याप्रमाणें चार आकारांच्या चार काठ्या. वाटेच्या दोहों बाजूंस ठरीव अंतरांत साग दिसला कीं त्या आकाराच्या काठीवर एक खांच पाडावयाची. पावसांत कागद भिजता, काठी भिजून बिघडत नाहीं. महिन्यांमागून महिने असें फिरून त्यानें थोर झाडें किती, व त्यांची जागा घेणारीं लहान झाडें किती, ह्याचा अंदाज बांधिला. आणि दरसाल जितकीं झाडें वाढून थोर होतील तितकींच तोडावीं, अधिक नाहीं, असा नियम घालून दिला. मुद्दल राखून व्याज खाणें म्हणतात तें हेंच. डोंगरांत राहणाऱ्या करेण लोकांशीं त्यानें असें ठरविलें कीं, त्यांनीं आपल्या फिरत्या शेतांत पिकाबरोबर सागही लावावा, व त्याबद्दल त्यांस मोबदला मिळावा. १८६४ सालीं तो सर्व हिंदुस्थानच्या वनांचा मुख्य अधिकारी झाला. अमेरिकेच्या वनखात्याचा पहिला प्रमुख गिफर्ड पिंचो हाही तरुणपणीं ह्याच ब्रँडिसच्या सल्ल्यानें शिकला. अशा रीतीनें जर्मनींतील विद्या ब्रह्मदेशांतून आपल्याकडे व आपल्याकडून अमेरिकेंत गेली. राष्ट्राराष्ट्रांतील सहकार्य हा शब्द प्रचारांत येण्यापूर्वींच तें सहकार्य सुरू झालेलें होतें.

परंतु ह्या कथेची दुसरी बाजू झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. १८७८ च्या वनकायद्यानें सरकारनें मोठमोठीं वनें राखीव केलीं, आणि ज्या गांवकऱ्यांचीं गुरें पिढ्यान्‌पिढ्या तेथें चरत होतीं त्यांचे हक्क आंखडले. गांवांसाठीं गांवाचीं वनें असावीं असें ब्रँडिसचें मत होतें; तें त्या वेळीं बाजूस पडलें. मिशनच्या शाळेंत शिकलेले महात्मा जोतीराव फुले ह्यांनीं १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथांत वनखात्यामुळें गरीब शेतकऱ्याच्या गुरांस चरावयास जागा उरली नाहीं अशी तक्रार केली आहे. हिशेब बरोबर होता, पण हिशेबाच्या वहींत जवळच्या माणसाचें खातेंच नव्हतें. ही चूक पुढील शंभर वर्षें आपल्या वनांस भोंवली, आणि पुढें राष्ट्रांच्या सभेंतही तीच थोड्या निराळ्या रूपानें उभी राहिली.

ती सभा १९९२ च्या जून महिन्यांत ब्राझील देशांतील रिओ दि जानेरो ह्या शहरीं भरली. वनांविषयीं सर्व राष्ट्रांस बांधणारा करार व्हावा अशी श्रीमंत राष्ट्रांपैकीं कित्येकांची इच्छा होती. वन श्वासाची हवा शुद्ध करितें, पाऊसपाण्यास आधार देतें, असंख्य जीवांस आसरा देतें, आणि हे लाभ देशाच्या सीमेपाशीं थांबत नाहींत, असें त्यांचें म्हणणें होतें. मलेशिया, हिंदुस्थान व इतर राष्ट्रांनीं उत्तर दिलें कीं, तुम्हीं आपलीं वनें तोडून कारखाने उभारिले व श्रीमंत झालां. आमचीं वनें ही आमची मत्ता आहे. तीं साऱ्या जगासाठीं राखावीं असें वाटत असेल तर राखण्याच्या खर्चांतही वांटा उचला. आम्हांस वाटतें कीं दोन्ही पक्षांचें म्हणणें खरें होतें, आणि म्हणूनच तंटा मिटला नाहीं. शेवटीं बंधनकारक करार न होतां ‘वनविषयक तत्त्वें’ म्हणून एक निवेदन तेवढें संमत झालें. पुढें २००० सालीं संयुक्त राष्ट्रसंघांत वनांसाठीं एक कायम मंडळ स्थापन झालें, २००७ सालीं एक ठराव झाला, व २०१७ सालीं २०३० पर्यंतची योजना आंखण्यांत आली. तींत सहा उद्दिष्टें असून जगांतील वनक्षेत्र शेंकडा तीननें वाढवावें हें त्यांपैकीं एक आहे. हें सर्व स्वेच्छेचें आहे. न पाळणारास दंड नाहीं. संघाच्या अन्न व शेती संघटनेच्या २०२० सालच्या पाहणीप्रमाणें जगांत सुमारें ४०६ कोटि हेक्टर वन होतें, म्हणजे एकंदर जमिनीच्या शेंकडा एकतीस. त्या आधींच्या पांच वर्षांत दरसाल सुमारें एक कोटि हेक्टर वन तोडलें गेलें. ही गति १९९० नंतरच्या दहा वर्षांहून कमी आहे खरी. परंतु जो रोगी पूर्वीपेक्षां सावकाश खंगत आहे त्यास बरा झाला असें कोणी म्हणत नाहीं.

आतां आपल्याच देशाचें वागणें तपासूं. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतींत असें ठरलें कीं देशाची एकतृतीयांश भूमि वृक्षांखालीं असावी, व वनाकडे केवळ उत्पन्नाचें साधन म्हणून पाहूं नये. १९९६ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें वनतोडीवर कडक निर्बंध घातले. हें चांगलेंच झालें. परंतु चौकटी, पलंग व कपाटें ह्यांची हौस कमी झाली नाहीं. मग परदेशच्या सागाचे ओंडके मोठ्या प्रमाणांत येऊं लागले. कांहीं आफ्रिकेंतून, कांहीं दक्षिण अमेरिकेंतून, आणि पुष्कळसे त्याच ब्रह्मदेशांतून, जेथें ब्रँडिस काठ्यांवर खांचा पाडीत फिरला होता. अखेर त्या देशानें १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. स्वतःच्या अंगणांतील झाड जपून शेजाऱ्याच्या अंगणांतील तोडून आणणें, ह्यास वनरक्षण म्हणावें काय? ज्या राष्ट्रानें रिओ येथें श्रीमंतांस त्यांच्या भूतकाळाची आठवण दिली, त्यास ही गोष्ट टोंचली पाहिजे.

आतां चुडाव्याच्या सोयाबीनकडे वळूं. हेंच पीक ब्राझीलमध्यें लक्षावधि एकरांवर होतें, आणि त्यासाठीं तेथील ॲमेझॉनच्या खोऱ्यांतील वन तुटूं लागलें तेव्हां जगांत ओरड झाली. २००६ सालीं तेथील मोठ्या व्यापाऱ्यांनीं नव्यानें वन तोडलेल्या जमिनींतील सोयाबीन विकत घ्यावयाचें नाहीं असा आपसांत ठराव केला. २०२३ सालीं युरोपच्या संघानें तर कायदाच केला. सोयाबीन, पामतेल, कॉफी, कोको, रबर, लांकूड व गुरें ह्या सात गोष्टींपासून झालेला माल, ३१ डिसेंबर २०२० नंतर वन तोडलेल्या भूमींतून आलेला असेल तर, युरोपांत विकतां येऊं नये, असा त्याचा आशय. त्याचा अंमल एकाहून अधिक वेळां पुढें ढकलला गेला आहे. हेतु उत्तम, पण तो सिद्ध करण्याचा भार कोणावर? माल ज्या शेतांत पिकला त्या शेताचें ठिकाण दाखवावें लागणार. आपल्याकडील सोयाबीनची पेंड युरोपांतही जाते. ज्या शिवारांत तोडावयास वनच नाहीं, तेथील दोन एकरांच्या शेतकऱ्याचा माल बाजारांत शंभर जणांच्या मालांत मिसळतो. त्याचें शेत निर्दोष आहे, परंतु त्याचा दाखला काढण्याचा खर्च व्यापारी त्याच्याच भावांतून कापून घेईल, ही भीति खोटी नाहीं. म्हणून शेतकऱ्यांनीं आपला सातबारा व गटाचा नकाशा बिनचूक करून ठेवावा, आणि विक्री शक्य तर गट करून करावी. एकट्यास जो खर्च जड जातो तो पन्नास जणांत हलका होतो.

जवळचा माणूस हिशेबांत आला म्हणजे काय होतें, हें पाहावयाचें तर गडचिरोली जिल्ह्यांतील धानोरा तालुक्यांत मेंढा-लेखा ह्या गोंड लोकांच्या लहानशा गांवीं जावें. येथील ग्रामसभा बहुमतानें ठराव करीत नाहीं. सर्वांस पटेपर्यंत बोलणें चालतें. ज्या विषयाची माहिती नाहीं, त्यासाठीं गांवांत अभ्यासगट बसतो. (मंडळ्यांच्या पंचांनीं ही रीत मुद्दाम लक्षांत घ्यावी. रागारागानें हात वर करून घेतलेला निर्णय दुसऱ्या दिवशीं कोणी पाळीत नाहीं.) २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणें ह्या गांवास २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकण्यास लागणारा वाहतूक-परवाना गांवाच्या हातीं नव्हता. बांबू हें झाड कीं गवत, असा वाद त्यासाठीं माजला होता! कायद्यानें बांबूची गणना गौण वनोपजांत केली होती. अखेर २७ एप्रिल २०११ रोजीं केंद्राचे वनमंत्री जयराम रमेश स्वतः गांवीं आले, व परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झालें. बांबूच्या विक्रीचा पैसा ग्रामसभेच्या खात्यांत येऊं लागला. बांबूच्या बेटांतील कोवळे बांबू राखून पक्व तेवढेच काढावयाचे, हा नियम मोडला तर पुढल्या वर्षींचें नुकसान कोणा दूरच्या कचेरीचें नव्हे, आपलेंच, हें तेथील लहान पोरासही कळतें. ब्रँडिसच्या काठीवरील खांच व गांवचा हक्क हीं दोन येथें एकत्र आलीं, ह्यास सवाशें वर्षांहून अधिक काळ लागला.

परदेशच्या पैशानेंही आपल्या राज्यांत वनें वाढविण्याचे यत्न झाले. सामाजिक वनीकरणाचें खातें १९८२ सालीं निघालें, त्यास त्या दशकांत अमेरिकेची मदत मिळाली. १९९२ पासून जागतिक बँकेच्या कर्जावर एक वनप्रकल्प चालला, व त्याच वर्षीं गांवकरी व वनखातें ह्यांनीं मिळून वन सांभाळण्याच्या समित्या सुरू झाल्या. रोपें लागलीं, कित्येक ठिकाणीं तीं वाढलींही. तथापि पैशासाठीं बसविलेली समिती पैसा संपल्यावर टिकणें कठीण असतें. त्यांतून काय घ्यावें हें मेंढ्याच्या उदाहरणावरून कळेल.

आतां पुनः चुडाव्यास येऊं. रिओ येथें वनांचा करार झाला नाहीं, परंतु त्याच सभेंत जैवविविधतेचा करार मात्र झाला, आणि तो बंधनकारक आहे. त्यास अनुसरून आपल्या देशानें २००२ सालीं कायदा केला. त्या कायद्याप्रमाणें प्रत्येक ग्रामपंचायतीनें एक जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून, गांवांतील झाडें, वनस्पति, पिकांचीं वाणें, गुरांच्या जाती व त्यांविषयींचें लोकांचें ज्ञान ह्यांची एक नोंदवही लोकांच्या सहाय्यानें तयार करावयाची असते. म्हणजे जगाच्या पाठीवरील दोन टोंकांच्या राष्ट्रांत झालेला करार ग्रामपंचायतीच्या कपाटांतील एका वहीपर्यंत येऊन पोंचला. ती वही कागद भरण्यापुरती भरली जाते, कीं गांवानें बसून लिहिली जाते, हें मात्र गांवावर आहे.

असल्या वहीचा उपयोग काय, हें बांधावरच्या लिंबालाच विचारावें. अमेरिकेचें शेतकीखातें व डब्ल्यू. आर. ग्रेस नांवाची एक कंपनी ह्यांनीं निंबोळीच्या तेलानें बुरशी मारण्याच्या एका पद्धतीवर हक्क मागितला, व युरोपच्या पेटंट कचेरीनें १९९४ सालीं तो त्यांस दिला. आपल्या आज्या-पणज्या जी गोष्ट करीत आल्या ती कोणा कंपनीची मालमत्ता कशी, म्हणून हिंदुस्थान व युरोप येथील कांहीं संस्थांनीं मिळून तक्रार नोंदविली. हें ज्ञान आपल्याकडे पूर्वींपासून वापरांत होतें असा पुरावा पुढें आला. २००० सालीं तो हक्क रद्द झाला, आणि २००५ सालीं त्यावरील अपीलही फेटाळलें गेलें. तक्रार करणारांस दहा वर्षें लढावें लागलें, कारण गांवोगांवचें ज्ञान तोंडीं होतें आणि न्यायालय लेखी मागतें.

ज्या मंडळींत उपदेशकास लिहितां-वाचतां चांगलें येतें, त्यानें पंचायतींत जाऊन ही वही पाहावयास मागावी, व अपुरी असेल तर आपण लिहून देण्यास तयार असल्याचें सांगावें. गुराख्यास व म्हाताऱ्या स्त्रियांस प्रथम विचारावें. त्यांस जें ठाऊक असतें तें शाळामास्तरांस बहुधा नसतें. झाडाचें नांव गांवांत जसें बोलतात तसेंच लिहावें. तें कोणत्या बांधावर किंवा ओढ्यावर आहे, त्यास फूल कोणत्या महिन्यांत येतें, त्याचा उपयोग कोण व कशासाठीं करितो, आणि पूर्वीं असून आतां दिसेनासें झालेलें कोणतें, एवढें प्रत्येकाविषयीं टिपावें. पहिलें पान लिंबासाठीं ठेवावें. पेरणीनंतर निंबोळ्या पडूं लागतात. त्या कोण वेंचतें, किती दिवस वाळवितें, त्या कुटून पाण्यांत किती वेळ भिजत ठेवितें, आणि कोणत्या किडीवर फवारितें, हें त्या बाईच्याच तोंडून ऐकून तारखेसह उतरून घ्यावें.